जागेवरच वाचायचं पुस्तक

१० जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा नुसताच घे.

माझं पत्र आलं की तू पाकीट फोडायच्या आधीच म्हणतेस, "पोपटाचं काय अडलं आता?" तर अडलंय. चांगलंच अडलंय.

आमच्या नाटक कंपनीत नव्या दिग्दर्शिका आल्यात. वयाने माझ्या निम्म्या, आवाजाने दुप्पट. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना रंगमंचावर गोल बसवलं आणि जाहीर केलं की एप्रिलपासून दर शनिवारी आपण उत्स्फूर्त नाटक करणार. म्हणजे काय, तर लिहिलेलं नाटकच नाही! प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडणार, "दवाखाना!" किंवा "बोट!", आणि नटांनी तिथल्या तिथे तोंडाला येईल ते बोलत नाटक उभं करायचं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मी एकटा हात मांडीवर ठेवून बसलो. का, ते तुला सांगायला नको. ज्या नाटकात वाक्यंच ठरलेली नाहीत, त्याला प्रॉम्प्टर कशाला हवा?

तुला माहीत आहे, उभी नोकरी मी विंगेतल्या त्या स्टुलावर काढली. नट अडखळला की त्याच्या श्वासावरून मला कळतं. मी ओळीचे पहिले दोन शब्द कुजबुजतो आणि गाडी सुटते. हे सोडून मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करावंसं कधी वाटलंही नाही.

मॅनेजर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काळजी करू नका, तुमची सोय केलीय. तिकीट खिडकीत बसा." नव्या बाई मात्र म्हणाल्या की कंपनीतल्या प्रत्येकाला संधी आहे, एप्रिलच्या पहिल्या शनिवारपर्यंत जो शिकेल तो रंगमंचावर, नाही शिकला तर खिडकी आहेच. ताई, ती खिडकी रस्त्याकडे उघडते. नाटक पाठीमागे, भिंतीच्या पलीकडे. लोक हसल्याचं ऐकू येणार आणि कशाला हसले ते कळणार नाही. मला ते सोसायचं नाही गं.

काल तालमीत मला उभं केलं. "तुम्ही डॉक्टर, हे पेशंट. चला, सुरू!" मी उभा. पेशंट कण्हतोय. मी उभाच. बाई म्हणाल्या, "बोला ना." मी विचारलं, "माझं वाक्य काय?" सगळे हसले. प्रेमाने हसले, पण हसले.

तेव्हा एक कर. तुझ्या वाचनालयात उत्स्फूर्त नाटक शिकायचं पुस्तक असेल ते पाठव. चांगलं निवडून पाठव. पुस्तकाशिवाय मी आजवर काहीही शिकलेलो नाही.

तुझा,
पोपट


१८ जानेवारी

चि. पोपटास,

आशीर्वाद, आणि एक टपली.

"माझं वाक्य काय?" हे वाचून मी इतकी हसले की आमचा शिपाई शिक्का मारायचा थांबून बघायला आला. मग मला रडूही आलं. शाळेत तुझी कविता पाठ असायची आणि बाईंनी "यातून काय समजलं?" विचारलं की तू तीच कविता पुन्हा पहिल्यापासून म्हणायचास. पोपट हे नाव तुला काय उगाच पडलं?

आता पुस्तकाचं. माझ्या वाचनालयाचा शिरस्ता तुला ठाऊक आहे. वाचक रिकाम्या हाताने परत जात नाही. मागे एक गृहस्थ आले, हत्ती पाळायचं पुस्तक हवं म्हणाले. मी त्यांना गाईचं दिलं आणि म्हटलं, "हेच, फक्त मोठं धरा." समाधानाने गेले.

नाटकाच्या कपाटात मला रंगभूषेवरचं एक आणि पडद्यांच्या कापडावरचं एक, अशी दोन पुस्तकं सापडली. ती तुझ्या डोंबलाच्या कामाची नाहीत. म्हणून मी कपाट सोडलं आणि डोकं चालवलं. सोबत तीन पुस्तकं पाठवतेय. पहिलं, उरल्यासुरल्याचा स्वयंपाक. जे घरात आहे त्यातून काय करता येईल, हाच तुझा प्रश्न आहे ना? दुसरं, प्रथमोपचार. अचानक काही झालं तर घाबरायचं नाही, हे त्यात फार छान सांगितलंय. तिसरं, पोहायला शिका. त्यातलं पहिलंच प्रकरण वाच, पाण्यात अंग सैल सोडण्याचं.

वाचून नीट परत कर. पानं दुमडू नकोस. आणि माझ्या भावजयीला सांग, तिचा नवरा बावळट आहे पण बुडणारा नाही.

तुझी,
ताई


३० जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. या वेळी जरा रागातलाच.

तिन्ही पुस्तकं वाचली. प्रथमोपचाराचं तर पाठच झालं. त्याचा परिणाम ऐक. तालमीत बाईंनी जागा दिली, विमानतळ. आमचे थोरले नट बॅग घेऊन आले आणि म्हणाले, "विमान चुकलं हो माझं!" मी ताबडतोब त्यांना खाली आडवं केलं आणि दोन पट्ट्या घेऊन त्यांचा पाय बांधायला घेतला. बाई म्हणाल्या, "यांचा पाय कधी मोडला?" माझ्या तोंडून निघून गेलं, "पान बावन्न."

सगळ्यांची हसून हसून मुरकुंडी वळली. थोरले नट आडवे पडल्या पडल्याच हसत होते. मी पट्ट्या गुंडाळल्या आणि विंगेत जाऊन माझ्या स्टुलावर बसलो. तर मॅनेजर आला आणि म्हणाला, "उठा जरा, खिडकीची उंची याला जुळते का बघू." माझं स्टूल, ताई! माझ्यादेखत उचलून तिकीट खिडकीत लावून बघितलं. जुळलं.

चेष्टा पुरे. हत्तीवाल्याला गाय चालली असेल, मला चालणार नाही. मला नाटकाचंच पुस्तक हवं, ज्यात हे कसं करायचं ते सरळ लिहिलंय. तुझ्याकडे नसेल तर नाही म्हणून सांग. मी वाईट वाटून घेणार नाही. थोडं घेईन, पण तुला कळू देणार नाही.

पोपट


८ फेब्रुवारी

चि. पोपटास,

सापडलं!

राग गिळ आणि ऐक. जुन्या पुस्तकांच्या खोलीत, वरच्या फळीवर, मागच्या बाजूला पडलेलं. उत्स्फूर्त नाटक कसं करावं, याचंच. पुढची पानं गेलेली आहेत, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. पण मजकूर शाबूत आहे. अडचण एवढीच की ते "जागेवरच वाचावे" या कपाटातलं आहे. ते बाहेर द्यायचं नाही असा नियम आहे आणि नियम मीच केलेला असल्यामुळे मोडताही येत नाही. तेव्हा मी तुला एकेक धडा उतरवून पाठवेन.

हा घे पहिला.

"समोरचा जे देईल ते घ्यावे. 'नाही' म्हणू नये. घ्यावे आणि त्यात आपली एक चिमूट घालून परत द्यावे. कुणी येऊन म्हणाला, 'तुमच्या डोक्यावर मांजर बसले आहे', तर 'कुठे आहे?' असे विचारून त्याचा आणि मांजराचा जीव घेऊ नये. म्हणावे, 'हळू बोला, आत्ताच झोपलंय.' झाले नाटक सुरू."

बघ जमतंय का. घाई करू नकोस. आणि त्या स्टुलाचं मनावर घेऊ नकोस. स्टूल काय, कुठेही जुळतं. बसणारा जुळावा लागतो.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,

या वेळी साष्टांग. गुडघे गेले खड्ड्यात.

काय पुस्तक आहे! असं लिहायला माणूस पाहिजे. साधं, सरळ, एकही शब्द फुकट नाही. मी तो धडा आरशावर चिकटवलाय. दाढी करताना म्हणतो.

घरी सराव सुरू केला. ही दवाखान्यातून दमून आली आणि म्हणाली, "अहो, स्वयंपाकघरातला नळ गळतोय." मी म्हटलं, "हो, आणि त्यातून मासे पडतायत." ती म्हणाली, "मासे राहू देत, पाना आणा." मी म्हटलं, "पाना माशाने गिळला." मग तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं काही न बोलता नळाला फडकं बांधलं. नर्सच्या नोकरीत असली नजर आपोआप येते म्हणतात.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. परवा तालमीत जागा होती, रेल्वेचा डबा. आमची धाकटी नटी माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, तुमच्या पेटीत काय आहे हो?" माझ्या हातात पेटी नव्हती. म्हणजे तिने ती मला दिली! मी ती घेतली. खरंच घेतली, वजन लागलं हाताला. आणि म्हटलं, "हळू बोल पोरी. आत्ताच झोपलंय."

ताई, लोक हसले. मला नाही, माझ्या वाक्याला हसले. आजवर हसू यायचं ते माझ्या कानावरून दुसऱ्यांकडे जायचं. हे माझ्याकडे आलं. कान गरम झाले माझे. पुढे मात्र त त प प झालं, कारण धडा तिथेच संपतो. तिने विचारलं, "काय झोपलंय?" आणि मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर बाईंनी थांबवलं. पण थांबवताना त्या हसत होत्या.

पुढचा धडा लवकर पाठव. आणि पान क्रमांक लिहीत जा. मला पान माहीत असलं की ओळ डोळ्यांसमोर येते.

पोपट


१ मार्च

चि. पोपटास,

मेल्या, पाठ करतोस? कपाळ माझं! मी धडे शिकायला पाठवतेय की घोकायला?

पण माझं राहू दे. पुस्तकच काय म्हणतं ते बघ. पान चाळीस.

"जो हे धडे पाठ करील त्याने हे पान वाचू नये, कारण पालथ्या घड्यावर पाणी. ज्यांना ऐकायला येते त्यांनी पुढे वाचावे. बोलायचे काय, याचा विचार करत बसलेला माणूस समोरच्याचे ऐकत नाही. ऐकावे. समोरच्याच्या बोलण्यात आपले वाक्य लपलेले असते, ते उचलावे. चूक झाली तर ती लपवू नये, तिच्यावरच पाय देऊन पुढे जावे. मात्र घरातला नळ खरोखर गळत असेल तर आधी तो दुरुस्त करावा. बायकोपुढे नाटक चालत नाही."

आणि हे पान बारावरचं, याच्या जोडीने वाचायचं.

"हे सर्व लहान मुलांना येते. दुपारी घरातली मोठी माणसे झोपली की पालथे घातलेले टेबल हे जहाज होते. कप्तान म्हणतो, 'वादळ!' खलाशी म्हणतो, 'मला मळमळतंय.' कप्तान त्याला रागावत नाही, बादली देतो. बादलीही नसते, उशी असते. पण खलाशाचे पोट खरोखर बरे होते. मोठेपणी माणसे हे विसरतात आणि मग पुस्तके मागवतात."

समजलं? घोकू नकोस. ऐक.

ताई


१२ मार्च

ती. ताईस,

नमस्कार.

दुसरा धडा मिळाला. मोठ्याने वाचला तेव्हा ही भाजी निवडत होती. नळाचं वाक्य आलं तशी तिने मान वर करून विचारलं, "काय म्हणालात? पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. ती बराच वेळ हसत होती. मी नळ दुरुस्त केला.

धडा पाठ केला नाही. शपथ. आणि तालमीत ऐकायला लागलो तर ताई, हे तर मला येतं! उभा जन्म मी दुसरं काय केलं? नट श्वास कुठे घेतो, आवाज कुठे हलतो, डोळे कुणाला शोधतात, हेच तर ऐकत आलो. आधी मी ते ऐकून पुस्तकात बघायचो, आता त्यांच्याकडे बघतो. परवा थोरले नट मध्येच अडले, तर मी त्यांना कुजबुजलो नाही, मोठ्याने म्हणालो, "साहेब, तुमची छत्री माझ्याकडे राहिली होती." आणि ते सुटले! सवय तीच, फक्त आवाज वाढवला.

पण अजून बोलणं लांबत नाही. एक वाक्य, दोन वाक्यं, की मी विंगेकडे बघायला लागतो. शनिवार जवळ येतोय. मॅनेजरने स्टुलाला गादी शिवून घेतलीय, खिडकीसाठी. त्याच्या मते ही माझ्यावर कृपा आहे.

आता एक बातमी. बाईंनी विचारलं, "हे कुठलं पुस्तक वाचताय तुम्ही? सगळ्यांनी वाचायला हवं." मी नाव सांगू शकलो नाही. तर त्या म्हणाल्या, त्यांची मावशी तुमच्याच गावात राहते, पंचवीस तारखेला त्या तिच्याकडे येणार आहेत. तेव्हा वाचनालयात येऊन ते पुस्तक स्वतःच बघतील. जागेवरच.

कळवावं म्हटलं.

पोपट


१७ मार्च

चि. पोपटास,

तिला येऊ देऊ नकोस!

म्हणजे येऊ दे, मावशीकडे खुशाल येऊ दे, पण वाचनालयात कशाला? पुस्तक इथे नाहीये. बांधणीला गेलंय. पानं फार सुटी झाली होती, म्हणून पाठवलं. बांधणीवाला म्हातारा आहे, त्याला वेळ लागतो. शिवाय त्याचं दुकान सध्या बंद असतं. आणि पंचवीसला आम्ही कपाटांना रंग काढणार आहोत, सगळीकडे वास असेल. आणि मला सर्दी झालीय.

तू तिला सांग की धडे उतरवून पाठवू. हवे तेवढे पाठवू. पुस्तकात काय एवढं बघायचंय?

घाईत,
ताई

ता. क. पान चाळीस आधी आणि बारा नंतर का, असं तू विचारलं नाहीस. विचारशील असं वाटलं होतं. तुला बरं आहे ना?


२० मार्च

ती. ताईस,

चारच ओळी, डाक निघतेय.

बाई येणारच. रंग, सर्दी, म्हातारा, सगळं सांगितलं. म्हणाल्या, "मग तर जायलाच हवं."

घाबरू नकोस. अंग सैल सोड. आणि पहिला धडा आठव. समोरचा जे देईल ते घ्यायचं, 'नाही' म्हणायचं नाही.

पोपट


२७ मार्च

चि. पोपटास,

बस खाली. मला तुझ्याशी बोलायचंय आणि मध्ये बोलू नकोस.

ते पुस्तक नाही. कधीच नव्हतं. तू रागावून लिहिलंस ना, "नसेल तर नाही म्हणून सांग", तेव्हा मी खरंच "नाही" लिहायला बसले होते. हात चालेना. अनोळखी माणसाला हत्तीच्या जागी गाय देणारी मी, माझ्या भावाला रिकाम्या हाताने कशी पाठवू? शिवाय एक सांगू? मी नुसतं म्हटलं असतं की पोपट, समोरचा देईल ते घे, तर तू ऐकलं असतंस का? माझं तू आयुष्यात कधी ऐकलं नाहीस. पुस्तकाचं ऐकतोस. म्हणून पुस्तक केलं. खोटं बोल पण रेटून बोल, म्हणतात. मी पान क्रमांक टाकून रेटलं.

पण पंचवीस तारीख जवळ आली तशी माझी झोप उडाली. शनिवार तोंडावर, आणि त्यात तुला कळलं की हे सगळं ताईच्या डोक्यातून आलंय, तर तुझं पुन्हा "माझं वाक्य काय" सुरू होईल. तुझ्या शनिवारची माती माझ्या हातून होणार, असं वाटून मी अर्धी झाले.

तुमच्या बाई सकाळीच आल्या. मी टेबलामागे उभी, हातात उगाचच फडकं. म्हटलं, आता सरळ सांगून टाकावं. तोंड उघडलं आणि त्याच म्हणाल्या, "तुम्ही कप्तान ना?"

मी त्यांना खुर्ची पुढे केली.

मग त्यांनी जे सांगितलं ते तू मला पत्रात लिहिलं नाहीस, लबाडा. मागच्या आठवड्यातच तालमीत त्यांनी तुला विचारलं, "अहो, निदान ते पुस्तक लिहिलं कुणी, एवढं तरी सांगा." तू रंगमंचाच्या मधोमध उभा होतास. तुझ्या हातात काही नव्हतं. आणि तू बोलायला लागलास! म्हणे, ते पुस्तक एका बाईने लिहिलं, ती जहाजाची कप्तान होती. जहाज पालथ्या टेबलाचं. तिच्याकडे एकच खलाशी, आणि त्याला समुद्र लागायचा. काय करायचं ते त्याला कधीच सुचायचं नाही. तो रडायला लागला की ती म्हणायची, वादळ आहे ना, मग वादळ घे, पळतोस कुठे? पुढे खलाशी दुसऱ्या बंदरावर नोकरीला लागला. तिथे त्याचं अडेल म्हणून तिने त्याच्यासाठी सगळं लिहून काढलं. बाईंनी मध्येच विचारलं, "मग पुढची पानं कशी गेली?" तर तू क्षणभरही न थांबता म्हणालास, "एकदा बादली सापडली नाही."

बाई म्हणाल्या, मॅनेजर दारात उभा होता तो तिथेच जमिनीवर बसला, हसून. मग तू सांगितलंस की त्या पानांबरोबर कप्तानाचं नाव गेलं, त्याचं खलाशाला अजून वाईट वाटतं, म्हणून तो तिचं नाव कुणाला सांगत नाही, फक्त ताई म्हणतो. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. धाकट्या नटीने डोळे पुसले म्हणे.

"पुस्तक नाही हे मला तिथेच कळलं," बाई म्हणाल्या. "मी पुस्तक बघायला आलेच नाही. कप्तान बघायला आले."

मी त्यांना म्हटलं, "कप्तान चहा घेणार आहे, तुम्ही घ्याल का?" एवढंच सुचलं. मग त्या गेल्यावर मी जुन्या पुस्तकांच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. शिपायाला सांगितलं धुळीने डोळे आलेत.

आता बोल. तुला कधीपासून माहीत होतं?

ताई


६ एप्रिल

ती. ताईस,

आता साष्टांगच. हिने हात देऊन उठवलं मला.

कधीपासून म्हणजे काय? कुठल्या पुस्तकाला आमच्या स्वयंपाकघरातला नळ माहीत असतो गं? माझ्या तर लक्षातही आलं नसतं, मी बिचारा पान चाळीस म्हणून मान डोलवत होतो. ही हसायला लागली तेव्हा ट्यूब पेटली. मग बारावं पान पुन्हा वाचलं, आणि त्या उशीवर येऊन थांबलो. हिरव्या अभ्र्याची होती ती. दुपारचं ऊन टेबलाच्या पायावर यायचं आणि तू म्हणायचीस, "जमीन दिसली!" मी नुसता बसून राहिलो. भाजी झाली, जेवायला हाक आली, तरी उठलो नाही.

तुला सांगितलं नाही, कारण तूच शिकवलंस. समोरचा देईल ते घ्यावं, 'नाही' म्हणू नये. तू मला आख्खं पुस्तक दिलंस. मी "कुठे आहे?" असं विचारून त्याचा जीव कसा घेऊ? घेतलं, आणि त्यात चिमूटभर घातलं.

आता शनिवारचं ऐक.

बाई तालमीतल्या त्या गोष्टीवरच खूश होत्या, पण मी म्हटलं, ठरल्याप्रमाणे होऊ दे. प्रेक्षागृह भरलेलं. पहिले दोन प्रवेश बाकीच्यांनी केले. मी विंगेत उभा, कारण स्टूल तर खिडकीत गेलेलं. बाईंनी मला पुढे ढकललं आणि प्रेक्षकांना विचारलं, "एखादी जागा सांगा!" तेवढ्यात मागून एक आवाज आला, खणखणीत.

"तिकीट खिडकी!"

सगळी कंपनी माझ्याकडे बघायला लागली. थोरले नट पुटपुटले, "दुसरी मागू का?" मी म्हटलं, "नाही म्हणायचं नाही." आणि मॅनेजरकडे बघून मोठ्याने ओरडलो, "माझं स्टूल आणा!" त्याने धावत जाऊन आणलं, गादीसकट. मी ते रंगमंचाच्या मधोमध ठेवलं, बसलो, आणि हवेत खिडकी उघडली.

धाकटी नटी आली आणि म्हणाली, "एक तिकीट द्या, पण लवकर, नाटक सुरू झालंय." मी तिचं ऐकलं. धाप लागलेली, म्हणजे लांबून आलेली. मी म्हटलं, "बाळ, आत जागा नाही. पण तू इथेच थांब. भिंतीतून मला सगळं ऐकू येतं, मी सांगतो तुला." आणि मी तिला पलीकडचं नाटक कुजबुजायला लागलो. मग थोरले नट आले, तेही रांगेत उभे राहिले. मग आणखी दोघं. कंपनीतले सगळे एकामागोमाग येऊन माझ्या खिडकीसमोर बसले आणि आतलं नाटक कुणी बघायलाच गेलं नाही. शेवटी बाई स्वतः आल्या, आतल्या नाटकाच्या दिग्दर्शिका होऊन, कमरेवर हात. "सगळे प्रेक्षक इथे कसे?" मी म्हटलं, "हळू बोला, आत्ताच रंगलंय."

टाळ्या थांबेनात, ताई. मला उठताच येईना, पायात गोळे आलेले. खिडकीत बसायचं होतं, तसा बसलोच म्हणायचा. पण तोंड लोकांकडे करून.

तिकीट खिडकी कोण ओरडलं, ते तू विचारशील म्हणून सांगतो. आवाज ओळखीचा होता. नळ गळतोय म्हणून सांगतो ना, तोच. घरी येताना मी हिला विचारलं, "तुला माझा घात करायचा होता की काय?" ती म्हणाली, "जानेवारीपासून तुम्ही झोपेत खिडकी खिडकी म्हणताय. म्हटलं, एकदाची उघडावी." तिला कुणी धडे पाठवले होते?

मॅनेजर आता स्वतःच तिकीट खिडकीत बसतो. उभ्यानेच, कारण स्टूल मी परत दिलं नाही.

सोबत तुझी तीन पुस्तकं परत पाठवतोय. पानं दुमडलेली नाहीत. पोहण्याच्या पुस्तकात प्रथमोपचाराची पट्टी खूण म्हणून राहिली असेल, ती काढ. आणि बाईंनी सगळ्या कंपनीसाठी तिसरा धडा मागवलाय. पुढच्या शनिवारी वाचनालयाला कुलूप लाव आणि तो घेऊन तूच ये. पहिल्या रांगेत जागा ठेवलीय, आणि खुर्चीवर उशी ठेवायची म्हणतेय ही.

तुझा,
खलाशी